वीस मिनिटांचा खेळ

आठवड्याचे सहा दिवस निबाल्दो ओयार्से टायर उतरवायचा, ट्यूब पाण्याच्या पिंपात बुडवून भोक शोधायचा आणि ठिगळ लावायचा. सातव्या दिवशी तो उनियॉन केब्रादा क्लबच्या पन्नाशीपुढच्या फुटबॉल संघाचा कारभारी असायचा. तोमे ह्या बंदराच्या गावात कुणी त्याला विचारलं की बाबा, तू करतोस काय, तर तो दुसरं काम आधी सांगायचा.

खेळाडू म्हणून तो कधीच कुणाच्या लक्षात राहण्यासारखा नव्हता. शाळेत असताना राखीव, लोकरीच्या गिरणीच्या पोरांच्या संघात राखीव, आणि पुढे क्लबातही राखीवच. पण शर्ट धुऊन आणणं, चुना घेऊन मैदानाच्या रेषा आखणं, पंचाला गाडीतून आणणं-पोचवणं, कोण आला नाही त्याच्या घरी जाऊन दार बडवणं, ही सगळी कामं तो इतक्या मनापासून करायचा, की चाळिशीत क्लबनं संघच त्याच्या हवाली केला. त्याची बायको ओरियाना म्हणायची, "माझ्याशी लग्न केलंस ते एकदाच. त्या क्लबाशी मात्र तू दर रविवारी करतोस."

मैदान टेकडीच्या कुशीत, लाल मातीचं. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ, मधलं काही नाहीच. आणि त्याच्यावर रविवारी अकरा वाजता उतरणारे ते गडी! एक मासळी विकणारा, एक वेल्डर, एक पावाच्या भट्टीवरचा, दोन नगरपालिकेतले कारकून. आठवडाभर बसून पाठीला बाक आलेला, शनिवारी रात्री भाजलेलं मांस आणि वाइन झालेली, सकाळी उरलेसुरले एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, पोटात, आणि अंग गरम करायचं म्हणून कुंपणाला टेकून ओढलेली एक सिगारेट. एवढ्या तयारीवर पंचाची शिट्टी वाजली की सगळे विशीतले असल्यासारखे सुटायचे. मध्यंतराला कुणी उलटी करायचा, कुणी गुडघ्यावर बर्फ धरून बसायचा आणि बाकीचे त्याला हसायचे.

ह्या संघात खराखुरा खेळणारा एकच होता. रोसामेल उयोआ.

रोसामेल आणि निबाल्दो एकाच गल्लीत वाढले. रोसामेल कोन्सेप्सिओनच्या रस्त्यावर मिनीबस चालवायचा. दिवसाला दहा-दहा तास स्टिअरिंगमागे. वय त्रेपन्न, पोट सुटलेलं, केस गेलेले. पण डावा पाय तसाच राहिला होता. चेंडू त्याच्या पायाशी आला की वाटायचं, पाळलेलं मांजर आहे, बोलावल्यावर आलंय. त्याच्या मुलीच्या, मारित्साच्या, बाप्तिस्म्याला निबाल्दो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोम्पाद्रे' म्हणायचे, आणि रोसामेलची बायको एल्सिरा निबाल्दोची 'कोमाद्रे' झाली. हे नातं तिकडे सख्ख्या भावाच्या खालोखाल.

तर आता त्या दाखल्यांची गोष्ट. लीगचा नियम असा, की पन्नाशीपुढच्या प्रत्येक खेळाडूनं दर वर्षी मार्च महिन्यात डॉक्टरचा ताजा दाखला द्यायचा: हृदय तपासलं, रक्तदाब तपासला, खेळायला हरकत नाही. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सहा जणांचे दाखले आले नव्हते. निबाल्दो प्रत्येकाच्या मागे लागला. "येत्या सोमवारी जातो," सगळे म्हणायचे. रोसामेल म्हणाला, "सोमवारी मला गाडी आहे, मंगळवारी गाडी आहे, डॉक्टरला म्हणावं बसथांब्यावर ये, चढ गाडीत आणि तपास."

मुदतीच्या आदल्या दिवशी निबाल्दोनं दुकानात मागल्या वर्षीचे सहा दाखले समोर घेतले. ब्लेडनं वर्षाचा शेवटचा आकडा हलकेच खरवडला, त्यावर नवा आकडा काढला आणि त्याच्या झेरॉक्स प्रती करून लीगच्या कचेरीत दिल्या. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी क्लबात त्यानं ही गंमत सांगितली तेव्हा सगळे पोट धरून हसले. "ठिगळ लावण्यात आमच्या निबाल्दोचा हात कोण धरणार!" वेल्डर म्हणाला. त्या हसण्यानं निबाल्दोला फार बरं वाटलं होतं. पुढे कित्येक दिवस त्याला ते बरं वाटणंच आठवत राहिलं.

त्या वर्षी संघ जिंकत गेला. अकरा वर्षांत तीन वेळा अंतिम सामन्यात हरलेला हा संघ नोव्हेंबरात पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. समोर लोस आरोमोसचा क्लब, शेजारच्याच टेकडीवरचा, म्हणजे हाडवैर. निबाल्दोला झोप येईना.

सामन्याच्या आधीच्या मंगळवारी दुपारी रोसामेल दुकानात आला. टायर वगैरे काही नव्हता त्याच्याकडे. पिंपाशेजारच्या उलट्या खोक्यावर बसला.

"कोम्पाद्रे, एक सांगायचंय. हसू नकोस."

"तू सांग तर."

"घरच्या पायऱ्या चढताना इथं आवळल्यासारखं होतंय." त्यानं छातीवर पंजा ठेवला. "पट्टा कसल्यासारखं. मग ते इथं जबड्यात येतं. बसलो की जातं. तीन आठवडे झाले."

निबाल्दो हातातला टायर खाली ठेवून म्हणाला, "गॅस असेल. परवा डुकराचं किती हादडलंस बघितलंय मी."

"मलाही तसंच वाटलं. पण काल गाडीवरून लवकर सुटलो म्हणून दवाखान्यात गेलो. एक डॉक्टरीण आहे, लहानशी, मारित्साएवढी. तिनं पट्टी काढली हृदयाची. ती म्हणे बरी आहे, पण पळवून बघायला पाहिजे. पट्ट्यावर पळवतात ना, तसली तपासणी. चिठ्ठी दिलीय, तीन आठवड्यांनंतरची तारीख. तोवर गोळ्या घ्यायच्या. आणि म्हणाली, तोवर पळायचं नाही, चेंडूला पाय लावायचा नाही."

निबाल्दोच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते रोसामेलबद्दल नव्हतंच. रविवारी डावीकडून कोण खेळणार, हे आलं. ही गोष्ट तो पुढे स्वतःपासून कधीच लपवू शकला नाही.

"कोमाद्रेला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? एल्सिरा मला गाडीवरही जाऊ देणार नाही. तू कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलत." मग टायर पुन्हा उचलत निबाल्दो म्हणाला, "कोम्पाद्रे, डॉक्टर लोकांना असं सांगावंच लागतं. उद्या काही झालं तर त्यांच्या अंगाशी यायला नको म्हणून. पट्टी चांगली आली ना?"

"चांगली आली म्हणाली."

"मग झालं तर! असं करू. तू रविवारी ये. बाकावर बस. गरज पडली तर शेवटची वीस मिनिटं. नुसता पुढे उभा राहा, पळायचं नाही. एक चेंडू आला की मार, बस. अकरा वर्षं, कोम्पाद्रे!"

रोसामेल बराच वेळ पिंपातल्या पाण्याकडे बघत बसला. मग हसला आणि म्हणाला, "वीस मिनिटांनी काय होतंय."

हे वाक्य रोसामेलचं होतं. पण ते आपणच त्याच्या तोंडात ठेवलं, असं निबाल्दोला जन्मभर वाटत राहिलं.

रविवारी अख्खी टेकडी मैदानावर लोटली. कुंपणाला खेटून माणसं, कोळशावर चोरिसो, मसालेदार मांसाचे सॉसेज, भाजले जात होते, ढोल वाजत होते. तिकडे नोव्हेंबर म्हणजे उन्हाळ्याचं तोंड; उन्हाचा कडाका होता. पहिल्या अर्ध्यात दोन्हीकडून एकेक गोल झाला. रोसामेल शर्ट घालून बाकावर बसला होता आणि लोक ओरडत होते, "रोसामेलला उतरव! ए निबाल्दो, लग्नासाठी ठेवलायस का त्याला?"

वीस मिनिटं उरली तेव्हा निबाल्दोनं त्याच्याकडे पाहिलं. रोसामेल बुटाच्या नाड्या बांधत होता. त्यानं मान वर केली.

"काल जरा झालं, पण गेलं. खरंच का रे, कोम्पाद्रे?"

"पळू नकोस. नुसता उभा राहा."

तो आत गेला आणि टेकडीनं असा आवाज केला की खाली बंदरात ऐकू गेला असेल. पाच मिनिटं तो खरोखर उभा राहिला. मग त्याच्याकडे एक चेंडू आला, त्यानं एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि मग उभं राहणं संपलं. ज्याच्या पायात तसला खेळ आहे, त्याला तुम्ही अंतिम सामन्यात उभं राहा म्हणून सांगणार? निबाल्दोला हे ठाऊक होतं. मंगळवारी सांगतानाही ठाऊक होतं.

उतरल्यापासून बाराव्या मिनिटाला रोसामेल मैदानाच्या मधोमध थांबला. गुडघ्यांवर हात टेकून वाकला. त्याच्या तोंडावर राखेचा रंग आला होता आणि घाम असा, की डोक्यावरून कुणी बादली ओतल्यासारखा. त्यानं डावा खांदा दोनदा झटकला. निबाल्दोनं हे पाहिलं. एक बदली खेळाडू शिल्लक होता, तो पाठीमागे उड्या मारत उभाच होता. निबाल्दोचा हात वर गेला, पंचाला खूण करायला. तेवढ्यात केब्रादाला कॉर्नर मिळाला.

कॉर्नर होऊ दे, मग काढतो, असं तो मनात म्हणाला. हात खाली आला.

कॉर्नर आला. रोसामेल चार पावलं धावला आणि तोंडावर पडला. त्याच्या आसपास कुणी नव्हतं. कुंपणापलीकडून कुणी ओरडलं, "पेनल्टी! पेनल्टी!" आणि लोक हसले. मग हसणं एका टोकाकडून थांबत थांबत आलं.

आधी पोचला तो लोस आरोमोसचा गोलकीपर, दागोबेर्तो. तो आगीच्या बंबावर स्वयंसेवक होता. त्यानं रोसामेलला उताणा केला, कान लावला आणि दोन्ही हात छातीवर ठेवून जोरजोरात दाबायला लागला. "मोजा कुणीतरी! मोठ्यानं मोजा!" तो ओरडला. निबाल्दो शेजारी गुडघ्यांवर बसून मोजत होता. तीसपर्यंत मोजायचं, पुन्हा एकपासून. अॅम्ब्युलन्स टेकडी चढून यायला सतरा मिनिटं लागली. दागोबेर्तोचा घाम रोसामेलच्या शर्टावर गळत होता, पण तो थांबला नाही. इस्पितळात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

एल्सिरा मैदानावर नव्हती. रविवारचं जेवण रांधत होती. तिला सांगायला निबाल्दोच गेला.

अंत्ययात्रेच्या दिवशी पेटी क्लबाच्या झेंड्यात गुंडाळली होती. गावच्या रिवाजाप्रमाणे दफनाला नेण्याआधी ती मैदानाभोवती एकदा फिरवली. पुढून डाव्या बाजूला खांदा निबाल्दोचा, कारण ती जागा त्याचीच, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. दोन्ही क्लबांची माणसं टाळ्या वाजवत होती. क्लबाचे अध्यक्ष एलियास, मानानं डॉन एलियास म्हणतात त्यांना, ऐंशीला टेकलेले, डोळे पुसत म्हणाले, "मरण यावं तर असं. पायात बूट, अंगात शर्ट, कानात लोकांचा आवाज. आणखी काय पाहिजे माणसाला?" आणि जो तो मान डोलवत होता. निबाल्दोच्या खांद्यात पेटीची कड रुतत होती. तो मनात म्हणत होता, त्याला आणखी वीस-पंचवीस वर्षं पाहिजे होती. मारित्साचं लग्न बघायचं होतं.

लीगनं सामना पुढे खेळवला नाही. लोस आरोमोसनं मोठ्या मनानं माघार घेतली आणि चषक केब्रादाला दिला. क्लबाच्या खोलीत तो फळीवर ठेवला, त्यामागे रोसामेलचा फोटो. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो चषक आला, आणि निबाल्दोनं त्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं.

तो दुकानात जायचा, काम करायचा, घरी यायचा. ताटात घेतलेलं तसंच ठेवायचा. ओरियानाला वाटलं, दोस्त गेल्याचं दुःख आहे. तिनं काही दिवस विचारलं नाही. झोपेत तो आकडे मोजायचा. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

जानेवारीत एका दुपारी एल्सिरानं त्याला बोलावणं धाडलं. तो त्या टेकडीच्या पायऱ्या चढून गेला. ब्याण्णव पायऱ्या; पूर्वी कधी मोजल्या नव्हत्या. तिनं चहा टाकला, पाव आणि मॅश केलेला अवोकाडो पुढे ठेवला. हात स्थिर होते, पण चेहरा दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"कोम्पाद्रे, बसची कंपनी गणवेश परत मागते आहे. म्हणून मी त्यांचं जाकीट धुवायला काढलं," ती म्हणाली. "आतल्या खिशात हे सापडलं." तिनं एक घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. दवाखान्याची चिठ्ठी. तपासणीची तारीख, गोळ्यांचं नाव, आणि खाली डॉक्टरिणीच्या हातची ओळ: खेळ आणि जड काम बंद.

"मला सांगितलं नाही त्यांनी. सव्वीस वर्षं एका अंथरुणात झोपले मी, आणि मला कळलं नाही. आणि कोम्पाद्रे, आदल्या दिवशी, शनिवारी, मी त्यांच्याकडून गॅसची टाकी वर आणवली. ब्याण्णव पायऱ्या. ते म्हणाले, जरा वेळानं आणतो. मी म्हटलं, जेवण अडलंय, आत्ता आणा. वर आले तेव्हा पांढरेफटक पडले होते. मी म्हटलं, अहो, म्हातारे झालात. हसले मी." तिनं ओंजळीत तोंड धरलं. "मीच मारलं त्यांना. मला सांगा, त्यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का? एखादा शब्द?"

सगळं सांगून टाकायला निबाल्दोनं तोंड उघडलं. आणि तो म्हणाला, "नाही, कोमाद्रे. तो तसलाच होता. कुणाला काही सांगायचा नाही."

चहा तसाच ठेवून तो उठला. पायऱ्या उतरताना त्याला कळलं, की मैदानावर केलं ते एक आणि आत्ता केलं ते दुसरं. पहिलं करताना त्याला परिणाम ठाऊक नव्हता. दुसरं त्यानं उघड्या डोळ्यांनी केलं होतं.

दोन आठवडे त्यानं असे काढले की शत्रूवरही येऊ नयेत. मग मारित्सा कोन्सेप्सिओनहून आली आणि दुकानात डोकावली. "धर्मपिता, आईकडे जरा लक्ष द्या ना," ती म्हणाली. "ती गॅसची शेगडी पेटवत नाही. लाकडावर रांधते. टाकी घराबाहेर काढून ठेवलीय. पाद्रीकडे रोज जाते, रोज तेच पाप सांगते. पाद्रीसुद्धा वैतागलाय."

त्या संध्याकाळी निबाल्दोनं ओरियानाला सगळं सांगितलं. दाखले, मंगळवार, वीस मिनिटं, वर गेलेला आणि खाली आलेला हात, आणि एल्सिराच्या टेबलावरचं खोटं. ओरियाना भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"दाखल्यांवर मीही हसले होते," ती अखेर म्हणाली. मग म्हणाली, "पण ती बाई तुझं ओझं वाहतेय, निबाल्दो. उद्या सकाळी जा. मी येणार नाही बरोबर. माझ्या पदराआड लपून तुला हे बोलता येणार नाही."

तो गेला. ह्या खेपेला बसला नाही, उभ्यानंच बोलला. काही गाळलं नाही. कॉर्नरचंही सांगितलं. तो पाहत होता, ते सांगितलं. एल्सिरा खिडकीपाशी उभी होती, पाठमोरी. त्याचं बोलून झालं तरी ती वळली नाही. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

"मी विचारलं होतं."

"हो."

"ह्याच टेबलावर. मी तुला विचारलं होतं, एखादा शब्द तरी बोलले होते का. मी तुझ्यासमोर रडले."

"हो, कोमाद्रे."

"कोमाद्रे म्हणू नकोस मला." ती वळली. डोळे कोरडे होते. "टाकीची चूक नव्हती म्हणतोस?"

"टाकी आणल्यावर तो बसला, बरा झाला. मला सामन्याआधी तोच म्हणाला होता, काल जरा झालं, पण गेलं. तरी मी उतरवलं त्याला. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं."

"तो काय लहान होता?" ती एकदम ओरडली. "त्याला नाही म्हणता आलं नसतं? त्याला डॉक्टरिणीनं सांगितलं होतं ना! तुम्ही दोघं... एका चेंडूपायी!" मग तिचा आवाज बसला. "जा आता. जा तू."

तो गेला. दार त्याच्यामागे आपटलं नाही, हळूच लागलं. ते जास्त लागलं त्याला.

पुढच्या आठवड्यात तो लीगच्या सभेत उभा राहिला आणि त्यानं सहा दाखल्यांचं सांगितलं. फक्त स्वतःचं नाव घेतलं. नियमाप्रमाणे चषक परत गेला, संघावर वर्षभराची बंदी आली आणि निबाल्दोला कारभारीपदावरून कायमचं काढलं. एल्सिराच्या दारापेक्षा क्लबाचं दार मात्र फार मोठ्यानं आपटलं.

"मेलेल्या माणसाचा चषक परत केलास!" डॉन एलियास काठी आपटत म्हणाले. "त्याच्या फोटोसमोरचा! लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणूनच," निबाल्दो म्हणाला.

"तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून आम्हा सगळ्यांना उघडं पाडलंस तू," वेल्डर म्हणाला. हे बोलणं निबाल्दोच्या जिव्हारी लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. सांगून टाकल्यावर त्या रात्री तो कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा झोपला होता, आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेचीही त्याला शरम वाटली होती.

वेल्डरनं सहा महिने त्याच्याकडे पाहिलं नाही. टायर घेऊन लोक खालच्या दुकानात जायला लागले. एकटा दागोबेर्तो, शत्रूच्या क्लबाचा, एक दिवस मुद्दाम आला. गाडीचे चारही टायर ठीक होते, तरी हवा बघ म्हणाला. निबाल्दो हवा बघत असताना तो म्हणाला, "मला अजून वाटतं, मी जरा नीट दाबलं असतं तर." निबाल्दो चटकन उठून उभा राहिला. "नाही. तू नाही," तो म्हणाला. "तू तेवढं तरी केलंस." मग दागोबेर्तो म्हणाला, "शिकतात का बघ तुमची माणसं. छाती दाबायची कशी. मी येतो शिकवायला." पण निबाल्दोच्या शब्दावर येणार कोण?

आधी तो एकटाच गेला, दवाखान्यात. ती डॉक्टरीण खरोखरच मारित्साएवढी होती. त्यानं नाव सांगितलं, रोसामेलचं नाव सांगितलं. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि त्याला समजावलं, की आठवडाभर बसून राहणारा पन्नाशीचा माणूस जेव्हा एकाच दिवशी सगळा जोर लावतो, तेव्हा आतल्या अरुंद झालेल्या नळ्यांवर काय येतं. रोज थोडं चाललं तर वेगळं. छातीत आवळणं, जबडा, खांदा, गार घाम, ही हाक असते, आणि ती ऐकून थांबायचं असतं. निबाल्दो ऐकत होता. मंगळवारी खोक्यावर बसलेल्या माणसानं एकेक खूण त्याला सांगितली होती.

त्यालाही पट्ट्यावर पळवलं. सगळ्या तारा लावून. तो मनात धरून बसला होता की काहीतरी निघेल, निघायलाच पाहिजे. निकाल आला: हृदय ठणठणीत. डॉक्टरीण अभिनंदन म्हणाली. तो दवाखान्याबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिला. जन्मभर राखीव बसलेल्याचं हृदय शाबूत, आणि खेळणाऱ्याचं गेलं. ह्याचा न्याय कुणाकडे मागायचा?

बंदी उठली त्या मार्चमध्ये, नव्या कारभाऱ्याकडे जाऊन त्यानं एकच काम मागितलं: दाखले गोळा करण्याचं. नवा कारभारी म्हणजे पावाच्या भट्टीवरचा बेनितो. तो आधी हसला, मग निबाल्दोच्या तोंडाकडे बघून हो म्हणाला. निबाल्दोनं आपल्या जुन्या ट्रकमध्ये चार-चार जणांना भरून दवाखान्यात न्यायला सुरुवात केली. कुणी शिव्या देत बसायचे, कुणी बसायचेच नाहीत. वेल्डर शेवटच्या खेपेला आला, तोही पाठीमागे, निबाल्दोच्या शेजारी बसायला नको म्हणून. त्याच्याच तपासणीत निघालं. दोन नळ्या तुंबलेल्या. आठवड्याभरात त्याला कोन्सेप्सिओनला नेऊन त्यांत जाळी बसवली. परत आल्यावर तो दुकानात आला, नुसता हात पुढे केला. निबाल्दोनं तो धरला, पण त्याला आनंद झाला नाही. एक खरा दाखला वेळेवर घ्यायला लावला असता तर रोसामेलचंही असंच निघालं असतं, एवढंच त्याच्या मनात आलं.

मोसमाच्या पहिल्या रविवारी बेनितोचा मेहुणा, एक्कावन्न वर्षांचा धिप्पाड गडी, बूट घालून तयार झाला. दाखला नव्हता.

"मंगळवारी आणतो."

"मग मंगळवारनंतर खेळ."

"अरे, दहा माणसंच होतायत आपली! पंधरा मिनिटं तर उतरू दे." मग तो चिडून म्हणाला, "आणि तू कोण रे मला अडवणारा? तू? तुझ्या हातानं..." पुढचं त्यानं गिळलं.

"हो, माझ्या हातानं," निबाल्दो म्हणाला. "शर्ट काढ."

संघ दहा जणांनी खेळला आणि पाच गोलांनी हरला. क्लबात त्या दिवशी कुणी त्याच्याशी बोललं नाही.

एल्सिराची आणि त्याची भेट दीड वर्षाहून जास्त काळ झाली नाही. मारित्सा मधे एकदा सांगून गेली, की आई आता गॅसवर रांधते. एवढाच निरोप, आणि तो एल्सिरानं धाडला होता की मारित्सानं आपल्या मनानं आणला, हे त्यानं विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळं गाव फुलं घेऊन दफनभूमीत जातं. निबाल्दो मुद्दाम उशिरा गेला, ती येऊन गेली असेल असं धरून. पण ती थडग्यापाशीच होती, दगड घासत. मागे फिरावं की काय करावं, ह्या विचारात तो कार्नेशनचा गुच्छ धरून वाटेतच उभा राहिला. एल्सिरानं मान वर करून त्याला पाहिलं. मग शेजारचा रिकामा डबा उचलून त्याच्यापुढे धरला.

"नळ तिकडे कोपऱ्यात आहे," ती म्हणाली. "भरून आण."

त्यानं डबा घेतला. नळाशी रांग होती. सातजण पुढे होते. तो रांगेत उभा राहिला.